परक्या मैदानावरच्या बरोबरीनंतर : बदलांवर आणि डावपेचांवर वाद कसा घालावा

युरोपातल्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात आणि साडेतीनच्या सुमारास संपतात. त्यामुळे भुसावळ किंवा जळगावात त्यांच्यावरची खरी चर्चा सकाळी चहाच्या टपरीवरच होते. आपला संघ जिंकला असेल तर ती चर्चा कौतुकात आटोपते, हरला असेल तर रागात. मात्र परक्या मैदानावर सामना १-१ असा सुटला असेल, तर चहाचा दुसरा कप संपला तरी वाद संपत नाही, कारण एक गुण मिळाला की दोन गुण गेले, याच मूळ प्रश्नावर दोघांचे एकमत नसते. मग कोणीतरी म्हणतो, "काय भो, त्या दहा नंबरवाल्याले काढायची काय गरज होती?" आणि तेथून पुढे जो तो आपला आवाज वाढवत जातो. हा वाद नीट घालता यावा, त्यातून खेळ अधिक कळावा आणि समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल तर ते पुराव्यानिशी खोडता यावे, यासाठी मी स्वतः पाळत असलेली पद्धत येथे सविस्तर मांडतो. तिचा गाभा एकच आहे : प्रशिक्षकाने केलेला बदल अंतिम गुणफलकावरून न जोखता, तो ज्या मिनिटाला केला त्या मिनिटाला त्याच्यासमोर काय होते, यावरून जोखावा.

पहिली तयारी सामना पाहतानाच करावी लागते. शाळेची एक साधी वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक बदलाच्या वेळी चार गोष्टी लिहाव्यात : मिनिट, त्या क्षणीचा गुणफलक, बाहेर गेलेला व आत आलेला खेळाडू, आणि बदलापूर्वीच्या दहा मिनिटांत चेंडू मुख्यतः कोणत्या बाजूला होता. शेवटची नोंद लोक करत नाहीत आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगाची असते. "६४, आपण ०-१ मागे, विंगर बाहेर, फुलबॅक आत, आपली डावी बाजू तीनदा फुटली" एवढे लिहिलेले असेल (विंगर म्हणजे कडेने चढाई करणारा, फुलबॅक म्हणजे कडेचा बचावपटू), तर सकाळी "मागे असताना बचावपटू कशाला आणला?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असते. पहाटे साडेतीनला झोपलेल्या माणसाची सात वाजताची स्मरणशक्ती भरवशाची नसते, कारण नंतर पडलेला गोल आधीच्या सगळ्या आठवणींना आपला रंग देतो.

घटनांचा क्रम आठवणीत कसा उलटा होतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९७० च्या विश्वचषकातले आहे. मेक्सिकोतील लिऑन येथे १४ जून रोजी इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात उपउपांत्य सामना झाला. इंग्लंड २-० असे पुढे होते आणि शेवटी जादा वेळेत ३-२ असे हरले. व्यवस्थापक अल्फ रॅम्से यांनी बॉबी चार्लटन यांना बाहेर काढले आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या पश्चिम जर्मनीच्या बेकेनबाउरने गोल केला, असे अनेक जण आजही सांगतात. प्रत्यक्षात बेकेनबाउरचा गोल आधी झाला आणि चार्लटन त्यानंतर बाहेर गेले. चार्लटन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, सामना भर दुपारच्या उन्हात चालला होता, आणि जिंकल्यास तीनच दिवसांनी उपांत्य सामना खेळायचा होता. एप्रिलच्या दुपारी भुसावळच्या मैदानावर जो पंधरा मिनिटे जरी पळाला असेल, त्याला त्या बदलामागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही. तो बदल चुकीचा होता असे कोणाला वाटत असेल तर तसे मत मांडता येते, कारण चार्लटन गेल्यावर बेकेनबाउरला पुढे सरकण्याची अधिक मोकळीक मिळाली, हा मुद्दा वजनदार आहे. पण पहिल्या गोलाचे खापर त्या बदलावर फोडता येत नाही. वहीत मिनिट लिहून ठेवायचे ते यासाठी.

नियम आधी, मत नंतर

बदलांवरचे निम्मे वाद नियम माहीत नसल्यामुळे होतात, म्हणून ते एकदा नीट समजून घ्यावेत. आज वरच्या दर्जाच्या बहुतेक स्पर्धांत प्रत्येक संघाला पाच बदल करता येतात. मात्र ते पाच बदल करण्यासाठी सामना सुरू असताना फक्त तीन वेळा खेळ थांबवता येतो. मध्यंतरात केलेला बदल या तीन संधींत धरला जात नाही. दोन्ही संघांनी एकाच थांब्यावर बदल केले, तर दोघांचीही एकेक संधी खर्च होते. करोनाच्या साथीमुळे मे २०२० मध्ये ही सवलत तात्पुरती देण्यात आली आणि २०२२ मध्ये ती नियमात कायम झाली.

पाच खेळाडू बदलता येतात याकडेच सर्वांचे लक्ष असते, पण प्रशिक्षकाच्या डोक्यात खरा हिशेब तीन संधींचा चाललेला असतो. समजा, विसाव्या मिनिटाला एखाद्याचा स्नायू दुखावला आणि त्याला बाहेर न्यावे लागले, तर एक संधी तेथेच गेली. पुढे साठाव्या मिनिटाला दोघांना एकदम बदलले की दुसरी गेली. आता उरलेल्या अर्ध्या तासासाठी एकच थांबा शिल्लक आहे. तो सत्तराव्या मिनिटाला वापरला आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोणी लंगडू लागला, तर संघाला दहा जणांनिशी खेळावे लागते. "सत्तराव्यालाच का नाही काढले?" असे विचारणाऱ्याने आधी त्या क्षणी किती थांबे शिल्लक होते ते सांगावे, असा आमच्या टपरीवर आता अलिखित नियमच झाला आहे. शेवटचा थांबा ऐंशीव्या मिनिटानंतर वापरणारा प्रशिक्षक पुष्कळदा भित्रा ठरवला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा फक्त हिशेबी असतो.

जुने सामने चर्चेत आले की त्या काळचे नियम लक्षात घ्यावेत. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडूची सोय १९६५ साली झाली, तीही सुरुवातीला फक्त दुखापतीपुरती. विश्वचषकात ती १९७० साली आली आणि तेव्हा संघाला दोनच बदल मिळत. त्या काळच्या व्यवस्थापकाने चूक केली असे म्हणताना, त्याच्या हातात किती थोडे होते हेही सांगितले पाहिजे. आपल्या गावातल्या स्पर्धांचे पुन्हा वेगळे असते. शालेय आणि हौशी सामन्यांत बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत घेण्याची मुभा पुष्कळदा असते, त्यामुळे तेथील प्रशिक्षकाला दूरचित्रवाणीवरच्या सामन्याची फूटपट्टी लावू नये.

कारण शोधावे कसे

नियम कळले की पुढचे काम म्हणजे बदलामागचे कारण ओळखणे. थकवा, दुखापत, पिवळे कार्ड, मांडणीतला बदल आणि वेळ काढणे, ही मुख्य कारणे होत. त्यांतील दुखापत आणि वेळ काढणे यांवर फार बोलण्यासारखे नसते. थकवा मात्र लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. चेंडू पायात असताना दमलेला खेळाडूही ताजा दिसतो, कारण चेंडू दिसला की प्रत्येकाच्या अंगात बळ येते. थकवा दिसतो तो चेंडू गमावल्यानंतरच्या परतीच्या धावेत. विंगर पुढे गेला, चेंडू हरवला, आणि मागे येताना तो चालत येऊ लागला, तर त्याच्या मागच्या फुलबॅकला दोघांना अडवावे लागते. असे दोन-तीनदा घडले की बदल जवळ आला असे समजावे. परक्या मैदानावर हे अधिक ठळक होते, कारण पाहुण्या संघाकडे चेंडू बहुधा कमी वेळ असतो आणि चेंडूमागे धावणे हे चेंडू घेऊन धावण्यापेक्षा अधिक दमवणारे असते.

पिवळ्या कार्डाचे कारण ओळखायला सोपे आणि पचवायला कठीण असते. आपल्या उत्तम बचावपटूला चाळिसाव्या मिनिटाला कार्ड मिळाले आहे आणि त्याच्यासमोर यजमानांचा सर्वांत वेगवान विंगर आहे, अशा वेळी मध्यंतरात त्याला बाहेर ठेवणे प्रेक्षकाला अन्यायाचे वाटते. परंतु कार्ड मिळालेला बचावपटू पुढची टक्कर हात राखून देतो, आणि हात राखून दिलेल्या टकरीतून समोरचा सुटून जातो. चांगला खेळत असलेल्यालाच का काढले, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या एका कार्डात असते.

सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अवघड भाग मांडणीचा आहे. एका विंगरच्या जागी दुसरा विंगर आला तर मांडणी तीच राहते, फक्त पाय ताजे होतात. पण आघाडीपटूच्या जागी मधल्या फळीतला खेळाडू आला, तर ४-४-२ ची मांडणी (मागे चार, मध्ये चार, पुढे दोन) ४-५-१ होऊ शकते आणि मग मैदानावरच्या चार-पाच जणांची कामे एकदम बदलतात. हे ओळखण्यासाठी बदल झाल्यानंतरची तीन मिनिटे चेंडूकडे न पाहता आत आलेल्या खेळाडूकडेच पाहावे. समोरच्या संघाकडे चेंडू असताना तो कोठे उभा राहतो, हे महत्त्वाचे. आपल्याकडे चेंडू असताना सगळेच पुढे धावतात आणि मांडणी पुसट होते, तर चेंडू नसताना ती स्पष्ट दिसते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो ही अडचण आहे खरी, पण गोलकिकच्या वेळी, म्हणजे आपल्या गोलजवळून चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा, दृश्य बहुधा लांबून दाखवले जाते आणि दोन्ही संघांच्या रांगा एका नजरेत येतात. तेवढे सेकंद डोळे ताणून मोजणी करावी : मागे किती, मध्ये किती, पुढे किती. ही सवय लागायला मला आठ-दहा सामने लागले. ती लागल्यावर समालोचकाच्या आधी आपल्याला मांडणीतला फरक कळतो, त्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. बदल झाला आणि पाच मिनिटांनी गोल पडला, एवढ्यावरून गोल त्या बदलामुळे पडला असे ठरत नाही. गोल कोणत्या बाजूने आला, त्या बाजूला नवा खेळाडू होता का, आणि चेंडू सुटला त्या ठिकाणी त्याची जबाबदारी होती का, या तिन्हींचे उत्तर "हो" असेल तरच बदलाला दोष द्यावा. आघाडी घेतल्यावर संघ आपोआप मागे सरकतो, यजमानांचे प्रेक्षक आवाज वाढवतात, यजमान प्रशिक्षकही आपले ताजे आघाडीपटू उतरवतो. बरोबरीचा गोल या सगळ्याचा मिळून असू शकतो. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकालाही बुद्धी आहे आणि त्यानेही बदल केले आहेत, हे आपल्या चर्चेत फार क्वचित येते, म्हणून वहीत दोन्ही संघांचे बदल लिहावेत.

बरोबरीची किंमत ठरवणे

एक गुण चांगला की वाईट, हे त्या नव्वद मिनिटांवरून ठरत नाही. विजयाला तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ साली आणि विश्वचषकात १९९४ साली आली. तेव्हापासून बरोबरी ही विजयाच्या निम्म्याऐवजी एक तृतीयांश मोलाची झाली. दोन फेऱ्यांच्या युरोपीय सामन्यांत परक्या मैदानावरच्या गोलाला जादा महत्त्व देणारा नियमही युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, २०२१-२२ च्या हंगामापासून काढून टाकला आहे, तरीही "बाहेर जाऊन एक गोल केला, आता काम झाले" असे म्हणणारे जुने जाणकार अजून भेटतात. त्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे की ते गणित आता चालत नाही.

आपल्या भारतीय संघाची उदाहरणे या बाबतीत फार शिकवणारी आहेत. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात भारताने त्याच वर्षी आशियाई विजेता झालेल्या कतारला ०-० असे रोखले. सुनील छेत्री आजारपणामुळे खेळला नव्हता, गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू कर्णधार होता आणि सामनाभर त्याच्यावर हल्ले होत राहिले. त्या रात्री ती बरोबरी विजयासारखी वाटली आणि ते योग्यच होते. पण पाचच आठवड्यांनी कोलकात्यात, घरच्या प्रेक्षकांसमोर, बांगलादेशाविरुद्ध १-१ वर समाधान मानावे लागले, आणि तोही गोल आदिल खानने अगदी शेवटच्या मिनिटांत केलेला. पुढच्याच महिन्यात दुशान्बे येथे अफगाणिस्तानविरुद्ध बदली म्हणून आलेल्या सेमिनलेन डौंगेलने भरपाई वेळेत, ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर डोक्याने गोल करून १-१ अशी बरोबरी साधून दिली. दोह्याचा एक गुण आणि दुशान्बेचा एक गुण तक्त्यात सारखेच दिसतात. मात्र पहिला आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य संघाकडून हिसकावलेला होता आणि दुसरा ज्या संघाला हरवायला हवे होते त्याच्याकडून कसाबसा वाचवलेला होता. त्यामुळे डौंगेलला उतरवण्याचे कौतुक करतानाच, त्याला उतरवण्याची वेळ का आली, हाही प्रश्न विचारावा लागतो.

त्याहून ताजे उदाहरण ९ ऑक्टोबर २०२५ चे. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली भारत सिंगापूरला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीसाठी गेला. मध्यंतराच्या तोंडावर गोल स्वीकारून मागे पडला, मध्यंतरानंतर लगेच संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्याने दहा जणांवर आला, आणि नव्वदाव्या मिनिटाला बदली खेळाडू रहीम अलीने यजमानांच्या बचावातील चुकीचा फायदा घेऊन १-१ केले. एक गोल मागे असताना मधला बचावपटू गेला, तर आघाडीचा माणूस काढून बचाव भरावा की गोलाच्या आशेने भोक तसेच ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही टपरीवर तासभर पुरेल एवढा खोल आहे. माझे मत असे की अशा वेळी आधी बचाव भरावा आणि ताजा, धावणारा आघाडीपटू शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखावा, कारण जिंकणारा संघ शेवटी सुस्तावतो आणि मागे पास देण्यात त्याच्या चुका होतात. पण या बरोबरीची किंमत पाचच दिवसांनी ठरली. १४ ऑक्टोबरला मडगावात त्याच सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि पात्रतेची आशा संपली. म्हणून परक्या मैदानावरच्या बरोबरीवर अंतिम मत परतीच्या सामन्यापूर्वी देऊ नये, आणि दिलेच तर ते पेन्सिलीने लिहावे.

प्रत्यक्ष वाद घालताना

चर्चेत एक प्रश्न हाताशी ठेवावा, तो म्हणजे "मग बाहेर कोणाला काढले असते?" कोणाला आत घ्यायचे हे प्रत्येक जण सांगतो, कारण बेंचवरचा लाडका खेळाडू सर्वांना आठवतो. बाहेर कोणी जायचे हे सांगायची वेळ आली की मत पक्के करावे लागते आणि वाद आपोआप खाली, मुद्द्यावर येतो. त्याचबरोबर त्या दिवशी बेंचवर प्रत्यक्षात कोण होते हेही आधी पाहून घ्यावे. संघासोबत प्रवासालाच न गेलेल्या खेळाडूला उतरवले नाही म्हणून प्रशिक्षकाला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत.

वयाने मोठ्यांशी बोलताना विशेष काळजी घ्यावी. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात चहा पीत बसलेला निवृत्त गृहस्थ तरुणपणी स्वतः खेळलेला असू शकतो. "काका, तुम्ही मधल्या फळीत खेळायचे तेव्हा दमल्यावर आधी काय सुटायचे?" असे विचारले, तर पाय आधी सुटतो की लक्ष आधी सुटते, यावर जे ऐकायला मिळते ते कोणत्याही समालोचनात मिळत नाही. त्यांचे मत जुन्या नियमांवर उभे असेल तर नियम सांगावा, पण खेळाडूच्या शरीराबद्दल ते बोलू लागले की आपण ऐकावे.

आपल्या स्वतःच्या गावच्या संघाबद्दल बोलताना तर जीभ दुप्पट जपावी. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या मुलांचा संघ नंदुरबारला खेळायला गेला होता आणि आम्ही सहा-सात जण त्यांच्यासोबत गेलो होतो. सामना १-१ सुटला. आमचा डावा विंगर पहिल्या अर्ध्यात सर्वांत चांगला खेळला होता, तरी दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर काढले गेले आणि त्यानंतर यजमानांनी बरोबरी केली. परतीच्या पॅसेंजरमध्ये दोंडाईचापर्यंत मी प्रशिक्षकाच्या त्या एका निर्णयावर मोठ्याने बोलत होतो. अमळनेर जवळ आल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "दादा, मीच सांगितलं होतं सरांना. पोटरी मध्यंतरापासूनच धरली होती." एवढा वेळ तो समोरच्या बाकावर पाय लांब करून बसला होता आणि मला ते दिसत असूनही कळले नव्हते. प्रशिक्षक दाराजवळ उभे होते. त्यांनी सर्व ऐकले होते आणि मुलाचे नाव पुढे येऊ नये म्हणून एक शब्दही उलट बोलले नव्हते. जळगाव येण्याआधी मी त्यांची माफी मागितली. तेव्हापासून ज्याच्याशी प्रत्यक्ष बोलता येते अशा प्रशिक्षकाला मी मत सांगण्याआधी कारण विचारतो, आणि वहीत "कारण" असा पाचवा रकाना आखतो, जो बहुतेक वेळा काही दिवस रिकामा राहतो.

तो रकाना रिकामा ठेवायला घाबरू नये. युरोपातल्या सामन्यांत प्रशिक्षकाची पत्रकार परिषद किंवा दुखापतीची बातमी दोन-तीन दिवसांत येते, तेव्हा तो भरावा. मग परतीच्या सामन्याच्या दिवशी, खेळ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, तेच पान उघडावे, आपली कोणती बाजू फुटली होती ते पुन्हा वाचावे, आणि यजमान म्हणून आता आपला प्रशिक्षक त्या बाजूला कोणाला उभा करतो ते सर्वांत आधी पाहावे.